कंबर पुन्हा पुन्हा धरते? एमआरआयच्या आधी दिवस तपासा

सकाळी अंथरुणातून उठताना कंबर आखडलेली. दात घासायला वाकलं की एक हात बेसिनवर टेकावा लागतो. दुपारी बरं वाटतं, आणि संध्याकाळी गाडीवरून घरी येईपर्यंत पुन्हा ठणका सुरू. चार दिवस गोळ्या घेतल्या की थांबतं. तीन आठवड्यांनी पाण्याची बादली उचलताना परत चमक भरते. कधी कळ कुल्ल्यात उतरते, कधी मांडीच्या मागे. हे तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, किंवा वर्षातून तीन-चार वेळा कंबर धरत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सतरा वर्षं तालुक्याच्या गावी काम करते आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते कंबरेचेच रुग्ण. हातात फिल्मची मोठी पिशवी असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, मणक्यात गॅप आहे." मी पिशवी बाजूला ठेवते आणि विचारते, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत ते सांगा. बहुतेकांना हे आधी कुणी विचारलेलंच नसतं, म्हणून उत्तर यायला वेळ लागतो. पण बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने खाली देते. आधी फुकटचं, मग थोड्या खर्चाचं, शेवटी महागडं.

आधी हे पाहा. यातलं काही असेल तर पुढचं नंतर वाचा

- लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम कळ. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो जुडगा असतो तो दाबला गेल्याची ही खूण आहे. इथे तासांचा हिशोब असतो. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा, सकाळची वाट पाहू नका.
- पाऊल उचललं न जाणं, पायातली चप्पल निसटणं.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. साठीपुढच्या बाईला, किंवा बराच काळ स्टेरॉईड घेतलेल्या माणसाला, नुसतं घसरून बसल्यानेही मणका दबून मोडू शकतो.
- संध्याकाळची कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, किंवा कुठल्याच कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर नवीन पाठदुखीही यातच धरा.
- कुशीतून जांघेकडे लाटांसारखी येणारी कळ, लघवीत रक्त किंवा जळजळ. हे मणक्याचं नाही, बहुधा मूतखड्याचं आहे.
- छातीत किंवा पोटात फाडल्यासारखं दुखून पाठीत जाणारी अचानक कळ.

चौथ्या खुणेबद्दल जरा थांबून लिहायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक पंचविशीची मुलगी यायची. पाठीच्या मधोमध दुखायचं. मी तिला दीड महिना शेक आणि व्यायाम दिले. ताप येतो का, हे मी विचारलं नाही, आणि तिला वाटलं तापाचा पाठीशी काय संबंध, म्हणून तिने सांगितलं नाही. तिला मणक्याचा क्षयरोग निघाला. खोकला नव्हता, छाती स्वच्छ होती. सरकारी दवाखान्यातून मोफत औषधं मिळाली, वर्षाहून जास्त काळ घ्यावी लागली, ती बरी झाली. पण दीड महिना माझ्यामुळे गेला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिले दोन प्रश्न हेच असतात: ताप येतो का, आणि कपडे सैल झालेत का.

पहिली तपासणी: आठ दिवसांची वही

खर्च एका पेन्सिलीचा. दर दोन-तीन तासांनी तीनच गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, आधीच्या दोन तासांत काय केलं, रात्री झोप किती झाली. कंबरेचं दुखणं बऱ्याचदा काम केल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वर येतं. त्यामुळे आपण भलत्याच कामाला दोष देत बसतो. बादली उचलताना चमक भरते, पण तिची तयारी आधीच्या चार तासांच्या बैठकीने केलेली असते. वही नसेल तर हे कळत नाही.

वही भरली की चारपैकी एक नमुना दिसतो.

बसलं, वाकलं की वाढतं आणि चाललं की कमी होतं, हा सगळ्यात मोठा गट. शिंपी, बँकेतले, लॅपटॉपवर काम करणारे, ट्रकचालक, खुरपणीला जाणाऱ्या बायका. दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला आपण गादी म्हणतो. पुढे पोक काढून बसलं की ती मागच्या बाजूला, नसांच्या दिशेने ताणली जाते. कंबरेचे मणके पाच. गादी सरकण्याचे बहुतेक प्रकार सगळ्यात खालच्या दोन जागी घडतात, कारण वाकण्याचा आणि वजनाचा भार तिथेच एकवटतो.

उभं राहिलं, चाललं की पाय जड होतात आणि बसलं की मोकळं वाटतं, हा साठीनंतरचा नमुना. बाजारात दर शंभर पावलांवर कट्टा शोधावा लागतो, पण सायकल मैलभर चालवता येते. नसांचा मार्ग अरुंद झालेला असतो आणि पुढे वाकलं की तो थोडा रुंद होतो. यांना भुजंगासन सांगितलं की त्रास वाढतो. एक बारीक फरक लक्षात ठेवा. चालताना पोटरीत गोळा येऊन नुसतं उभं राहिल्यावरही कळ थांबत असेल, आणि मधुमेह किंवा विडी-सिगारेट असेल, तर दोष पायाच्या रक्तवाहिन्यांत असू शकतो. तिथे कंबरेचे व्यायाम करण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.

तिसरा नमुना उलटा आहे: पडून राहिलं की वाढतं, हालचाल केली की कमी होतं. वय चाळिशीच्या आत, पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग, सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास. हा मणके हळूहळू जखडणारा संधिवात असू शकतो, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात तो. सोबत टाच दुखणं, डोळा लाल होऊन दुखणं, सोरायसिस, किंवा घरात कुणाला असाच त्रास असेल तर थेट संधिवाततज्ज्ञ गाठा. हे तरुण मुलगे वर्षानुवर्षं "स्नायू दुखतात" म्हणून गोळ्या खात फिरतात, आणि तेवढ्या काळात मणके जुळत जातात. वेळेत औषध सुरू झालं तर पुष्कळ वाचतं.

आणि चौथा, नमुना नसण्याचा. दुखणं दिवसरात्र एकसारखं वाढतच असेल तर वर दिलेल्या खुणा पुन्हा वाचा आणि डॉक्टरांकडे जा. वर-खाली होत असेल पण कामाशी मेळ बसत नसेल, तर झोपेचा रकाना पाहा. एका शिक्षिकेच्या वहीत पाच वाईट दिवस होते, आणि पाचही दिवसांच्या आदल्या रात्री "झोप ३ तास" लिहिलेलं होतं. सासूबाई आजारी होत्या, रात्रीची जाग तिचीच. दुखणं महिनोन्महिने राहिलं की मेंदू आणि नसांची धोक्याची घंटा हलक्याशा ताणानेही वाजू लागते. झोप आणि काळजी त्या घंटेवर थेट परिणाम करतात. दुखणं खरंच असतं. "मनाचे खेळ आहेत" असं म्हणून त्या माणसाला एकटं पाडू नये. तिच्या घरी रात्रीची पाळी दोघांत वाटली गेली, आणि महिन्याभरात तिची वही बदलली.

दुसरी तपासणी: घरातल्या आणि वाटेवरच्या जागा

अंथरूण. "फळीवर झोपा" हा सल्ला जुना आहे. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली. आपली पिंजलेल्या कापसाची गादी सपाट पलंगावर ठीक आहे. मधे झोळ पडला असेल तर ती आधी पिंजून घ्या. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी घ्या. उठताना सरळ पुढे उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा.

उठल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास जपा. रात्रभर पडून राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपण एखाद सेंटिमीटर उंचही असतो. त्या वेळी वाकलं की ताण जास्त बसतो. उठल्या उठल्या केर काढणं, कपडे धुणं, खाली वाकून पायाला हात लावायचा व्यायाम, हे सगळं तासभर पुढे ढकला. पहिल्या गटातल्या लोकांना मी आठवडाभर फक्त एवढंच करायला सांगते, आणि कित्येकांचा सकाळचा ताठरपणा तेवढ्यानेच उतरतो.

बाथरूम. भरलेली बादली वीस किलोच्या घरात जाते, आणि आपण ती वाकून, कंबर वळवून, एका हाताने उचलतो. अर्धी भरा, दोन खेपा करा. बादली छोट्या स्टुलावर ठेवून नळ सोडला तर वाकायचंच टळतं.

ओटा. उंच बाईला बुटका ओटा मिळाला की ती दिवसाचे तीन-चार तास दहा अंश वाकून उभी असते. ओटा तोडायची गरज नाही. एक पाट पालथा घालून त्यावर एक पाय ठेवा, दहा मिनिटांनी पाय बदला. कंबरेची कमान सैल पडते. कणीक मळणं, भाजी चिरणं टेबलाशी बसून करा. जमिनीवर उकिडवं बसून विळीवर चिरण्याची सवय असेल आणि त्याने दुखत नसेल, तर ती सोडायचं कारण नाही.

गाडी. टायरमध्ये हवा किती आहे आणि मागचे शॉकअप निकामी झालेत का, हे गॅरेजमध्ये दाखवून घ्या. खड्ड्यांचा प्रत्येक दणका बसलेल्या कंबरेवर येतो. माझा एक दूधवाला रुग्ण रोज चाळीस किलोमीटर फिरायचा, शॉकअप बदलल्यावर त्याचा निम्मा त्रास गेला. मागच्या खिशातलं जाड पाकीटही काढा. त्यावर तासन्‌तास तिरकं बसलं की कुल्ल्यातली नस कुरकुरते.

खुर्ची. महागडी खुर्ची घेण्याआधी मोबाइलमध्ये तीस मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की दोन मिनिटं उभे राहा. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिला पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपत मिळतं, आणि हालचालीमुळे त्याला मदत होते. म्हणून अगदी सुरेख बसलेला माणूससुद्धा दोन तास हलला नाही तर दुखतो.

शेत. खुरपणीला लांब दांड्याचं अवजार किंवा सायकल कोळपं मिळालं तर घ्या. नसेल तर दर वीस मिनिटांनी उभं राहून, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. मुकादम ओरडला तरी झुका. आठवडाभर घरी बसण्यापेक्षा ती अर्धी मिनिटं स्वस्त पडतात.

तिसरी तपासणी: टाच, चवडा आणि काठी

भिंतीजवळ दहा पावलं फक्त टाचांवर चाला, मग दहा पावलं फक्त चवड्यांवर. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट खाली पडत असेल तर त्या पायाची नस नीट काम करत नाही, आणि हे घरी सोडवण्याचं काम राहत नाही. मग उताणं झोपा, गुडघा सरळ ठेवून घरच्या कुणाला एक पाय हळूहळू उचलायला सांगा. मांडीच्या मागे नुसता ताण आला तर ते सगळ्यांनाच होतं. अर्ध्या वाटेतच गुडघ्याखाली विजेसारखी कळ गेली, तर नस चिडलेली आहे. घाबरू नका. पायात ताकद असेल तर अशा बहुतेक नसा सहा ते बारा आठवड्यांत शांत होतात. पण ताकद आहे ना, हे दर दोन-तीन दिवसांनी टाच-चवड्याने बघत राहा.

आता काठी. झाडूचा दांडा पाठीला उभा लावा, तो डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकला पाहिजे. तिन्ही जागा न सोडता पुढे वाका. जमत नसेल तर तुम्ही खुब्यातून न वाकता कंबरेतून वाकता. दिवसात शेकडो वेळा तसंच वाकत असणार. कुल्ले मागे ढकला, गुडघे थोडे सैल सोडा, पुन्हा करा. रोज दहा वेळा, पंधरा दिवस. मग बादली, गॅसची टाकी, नातवंड, सगळं याच पद्धतीने आणि अंगाजवळ धरून उचलायचं.

चौथी पायरी: चालणं आणि चार व्यायाम

२०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली चालण्याचा कार्यक्रम दिला, बाकीच्यांना काहीच नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांनी परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास इथवर या. दुसऱ्या नमुन्याच्या लोकांनी पाय जड होण्याच्या आधीच बसून घ्यावं आणि पुन्हा निघावं.

व्यायाम नमुन्याप्रमाणे निवडा. पहिल्या गटाने पालथं झोपावं, दोन मिनिटांनी कोपरांवर यावं, मग जमेल तसं हातांवर छाती उचलावी, कंबर ढिली ठेवून, दहा वेळा. नियम असा: पायातली कळ वर सरकून कंबरेपाशी आली तर बरोबर चाललं आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी. कळ खाली पोटरीकडे उतरू लागली तर लगेच थांबा. दुसऱ्या गटाने उताणं झोपून गुडघे एक एक करून छातीशी घ्यावेत. तिसऱ्या गटाने रोजचं चालणं, पोहणं, ताण देणं कधीच सोडू नये.

पहिल्या दोन्ही गटांसाठी पुढचे दोन समान आहेत. उताणं झोपून, गुडघे दुमडून कुल्ले उचलणं, पाच सेकंद धरणं, दहा वेळा. आणि रांगत्या स्थितीत एक हात व विरुद्ध पाय लांब करणं, पाठीवर पाण्याची वाटी ठेवली आहे असं समजून, दोन्ही बाजूंनी आठ-आठ. पहिल्या आठवड्यात थोडं अवघडलेपण वाढेल. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरत असेल तर मात्रा ठीक आहे. नसेल तर निम्मी करा, बंद करू नका. बरं वाटल्यावर व्यायाम सोडणं, हे माझ्याकडे परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

शेक, गोळ्या, पट्टा, पायाळू

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा मिनिटं घ्या, आराम पडतो. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी असेल तर पिशवी टॉवेलात गुंडाळा, भाजल्याचं कळत नाही.

दुखण्याच्या गोळ्या काही दिवसांपुरत्या, जेवणानंतर, डॉक्टरांना विचारून. किडनी, रक्तदाब, हृदय, अल्सर यांपैकी काही असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर मनाने मुळीच नाही. पुडीत बांधून मिळणाऱ्या नाव नसलेल्या सुट्या गोळ्या घेऊ नका. त्यात स्टेरॉईड असू शकतं, आणि ते महिनोन्महिने गेलं की हाडं ठिसूळ होतात.

पट्टा लांबच्या प्रवासात दोन-चार दिवस बांधला तर बिघडत नाही. पण जुन्या कंबरदुखीसाठी पट्टा आणि वजन लावणं (ट्रॅक्शन, म्हणजे वजनाने कंबर ताणून धरणं) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शिकेत केलेली नाही, नेहमीच्या वापरासाठी करू नका असंच सांगितलं आहे. मी वजन लावणं बंद केलं आहे.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे. हलका स्पर्श असेल तर अपाय नाही. साधी उसण तशीही काही दिवसांत उतरते. पण म्हाताऱ्या माणसाच्या, गरोदर बाईच्या किंवा पायात कळ जाणाऱ्याच्या पाठीवर कुणालाही जोराने पाय देऊ देऊ नका. मणका मोडलेली एक आजी मी पाहिली आहे.

अंथरुणावर पडून राहायचं असेल तर एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही.

एमआरआय आणि तो "गॅप"

लोकांना वाटतं गॅप म्हणजे मणक्याला भेग पडली, आता वाकलो तर तुटेल. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते, कारण चकतीतलं पाणी वयाने घटतं. कंबर कधीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिशीतल्या ५२ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. चकतीचा फुगवटा तिशीत ४० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. दुखणं मात्र शून्य. म्हणून रिपोर्टातला प्रत्येक शब्द म्हणजे तुमच्या दुखण्याचं कारण असं धरू नका. रिपोर्ट वाचून घाबरलेला माणूस वाकणं, चालणं, हसणं सोडतो, आणि मग खरोखरच कंबर कमजोर होते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता रिपोर्ट समजावून सांगायला मी मुद्दाम अर्धा तास राखून ठेवते.

एमआरआय लागतो तेव्हा नक्की लागतो: सुरुवातीला दिलेल्या धोक्याच्या खुणा असतील, पायाची ताकद जात असेल, किंवा ऑपरेशन वा इंजेक्शनचा निर्णय घ्यायचा असेल.

स्वतः करणं कुठे थांबवायचं

वही, जागा, चालणं आणि व्यायाम सहा आठवडे इमानदारीने केले आणि वहीतला आकडा हलला नाही, तर थांबा आणि फॅमिली डॉक्टरांकडून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. पायातली कळ बारा आठवडे सहन करण्यापलीकडे राहिली तर मणक्याच्या सर्जनचं मत घ्या. मत घेणं म्हणजे ऑपरेशन नव्हे. टाचांच्या चाचणीत पाय पडला तर एक-दोन दिवसांत दाखवा, ताकद झरझर जात असेल तर त्याच दिवशी. लघवी किंवा बधिरपणाची खूण दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

जाताना वही न्या, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, जुन्या फिल्म न्या. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून पहिल्या मिनिटात एवढं सांगा: दुखणं कधी वाढतं, कशाने कमी होतं, पायात कुठपर्यंत जातं, आणि ताप किंवा वजनात घट आहे की नाही.